ईदचा चाँद आणि ब्लू मून

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर जूनमध्ये कुणी ना कुणी आई-बाप माझ्या दारात येऊन उभे राहतात. हातात मुलाचे गाईड असते आणि तक्रार ठरलेली असते. "आपा, याला इंग्रजी मुहावरे पाठच होत नाहीत." उर्दू माध्यमात शिकलेले पालक मुहावरे म्हणतात, मराठी शाळेतून आलेले वाक्प्रचार म्हणतात, आणि ज्यांनी पोटाला चिमटा काढून मुलाला इंग्लिश मीडियममध्ये घातले आहे ते इडियम्स म्हणतात. गोष्ट एकच. गाईडमध्ये डाव्या हाताला इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरची खूण, उजव्या हाताला अर्थ. अशी पाचसहा पाने. मूल ती झोपेतही घोकत असते.

मी तीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवले. त्या तीस वर्षांत माझा राग मुलांवर फार कमी वेळा निघाला असेल, पण त्या बरोबरच्या खुणेवर माझा राग अजून गेलेला नाही. कारण ती खूण खोटे बोलते.

नववीतल्या एका मुलीच्या दादीचा इंतकाल झाला. दुसऱ्या दिवशी तिच्या लहान भावाने तिचा रजेचा अर्ज वर्गात आणून दिला. सुंदर अक्षर, समास सोडलेला, आणि मजकुरात लिहिलेले की माय ग्रँडमदर हॅज किक्ड द बकेट. गाईडमध्ये छापलेलेच होते: किक द बकेट बरोबर मरणे. पोरीने दु:खातसुद्धा आपले सर्वांत भारी इंग्रजी काढून वापरले होते. मला ते वाचून हसू आले नाही. तो अर्ज मी हेडमास्तरांच्या टेबलावर जाऊ दिला नाही, स्वत:जवळ ठेवला.

चारपाच दिवसांनी ती शाळेत आली तेव्हा मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवले. विचारले, "कुणी गेलं तर आपण काय काय म्हणतो?" ती सांगू लागली. इंतकाल झाला. अल्लाहला प्यारे झाले. दुनियेतून गेले. शेजारच्या काकू म्हणतात देवाघरी गेले. "आणि गल्लीतली मुलं, एखाद्या भांडकुदळ माणसाबद्दल?" तिने आजूबाजूला बघितले आणि हळूच म्हणाली, "गचकला. खपला." मग स्वत:च थांबली. तिचा चेहरा बदलला. मला पुढे काही सांगावे लागले नाही. तिने नवा अर्ज लिहिला, त्यात पास्ड अवे लिहिले, आणि जुना माझ्याकडून मागून घेऊन फाडला.

मुहावऱ्याचा अर्थ आणि मुहावऱ्याची इज्जत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाईड अर्थ देते, इज्जत देत नाही. कुणासमोर कोणता शब्द काढायचा हे आपल्या भाषेत आपण आईच्या मांडीवर शिकतो. परक्या भाषेत ते शिकवायला कुणी बसत नाही. (जाता जाता: मराठी वर्तमानपत्रे आपल्या माणसांसाठी 'पैगंबरवासी झाले' असे छापतात. हा शब्द आपल्या घरात कुणी बोलत नाही. वैकुंठवासी, कैलासवासी या साच्यात शेजाऱ्यांनी आपल्यासाठी घडवलेला तो शब्द आहे. माझ्या अब्बांना तो खटकायचा. मला त्यात शेजाऱ्याची अदब दिसते. घर परके आहे हे ओळखून दारात चप्पल काढल्यासारखी.)

काही मुहावरे तर उघड दगा देतात. शब्द आपल्या ओळखीचे असतात, म्हणून आपण बेसावध राहतो. माझा एक भाचा दुबईला एका ऑफिसात लागला. पहिल्याच महिन्यात त्याच्या वरच्या साहेबाने त्याच्या कामात काहीतरी खोट काढली, भाच्याचा चेहरा उतरला, तेव्हा साहेब हसून म्हणाला, आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग. भाच्याने रात्री घरी फोन केला. "अम्मी, इथे साहेब तोंडावर सांगतो की मी तुझे पाय ओढतोय." मराठीत पाय ओढणारा माणूस म्हणजे आपल्याला वर चढू न देणारा. इंग्रजीत तो फक्त गंमत करतो. घरात दोन दिवस नोकरी सोडण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. अंगठ्याचेही तेच. आपल्याकडे अंगठा दाखवला म्हणजे फसवले, काही दिले नाही. तिकडे अंगठा वर केला म्हणजे सगळे झकास. आता मोबाइलमुळे हा एक अंगठा तरी आपल्या घरांत सरळ झाला आहे. माझी सासू मात्र शेवटपर्यंत कुणी मेसेजवर अंगठा पाठवला की विचारायची, "याला काय द्यायचं नाहीये का?"

थंडी आणि ऊब यांची तर मोठीच गंमत आहे. इंग्लंड थंड मुलुख. तिथे जे जे चांगले ते उबदार. वॉर्म वेलकम, वॉर्म हार्ट. आणि जे वाईट ते थंड. कुणी आपल्याला टाळले तर त्याने कोल्ड शोल्डर दिला, ऐन वेळी हिंमत गेली तर कोल्ड फीट. अनोळखी माणसांत बोलणे सुरू झाले की बर्फ फोडला म्हणतात. आपल्याकडे उलट. मे महिन्यात कोकणात राहणाऱ्या माणसाला ऊब कशाला हवी? आपला जीव थंड होतो तेव्हा आपण सुखी होतो. नातवाला पाहून आजीचे डोळे निवतात. उर्दूत तेच आँखों की ठंडक. आणि हे तर कुरआनच्या अरबीतच आहे. सूरह अल-फुरकानच्या 74 व्या आयतीतली दुआ आपल्यापैकी कितीतरी बायका रोज नमाजनंतर मागतात, तिच्यात जोडीदार आणि मुले डोळ्यांचा थंडावा व्हावीत असेच मागणे आहे. सूरह अल-कससमध्ये फिरऔनची बीवी नदीतून मिळालेल्या बाळ मूसा (अलै.) यांच्याबद्दल तोच शब्द वापरते. वाळवंटातली भाषा, तिथेही सुख थंडच.

आता एका मुलीने निबंधात लिहिले की माय लिटल ब्रदर इज द कोल्ड ऑफ माय आइज. इंग्रज माणसाने हे वाचले तर त्याला वाटेल, हिला भाऊ नजरेसमोर नको आहे. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली नाही. कंसात लिहिले: अरबीत शंभर टक्के बरोबर, इंग्रजीत ॲपल ऑफ माय आय म्हण. इंग्रजीत बुबुळाच्या मधल्या काळ्या बाहुलीला पूर्वी सफरचंद म्हणत, त्यावरून ते आले. आपले आँख का तारा, तसेच.

इथवर हसण्याच्या गोष्टी झाल्या. माझ्या मुमानीची गोष्ट हसण्याची नाही, जरी ती स्वत: ती हसत सांगायची.

माझे मामू जहाजावर खलाशी होते. मुंबईहून विलायती कंपन्यांच्या जहाजांवर जात. पुढे त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि नव्वदच्या दशकात मामू-मुमानी काही महिने त्याच्याकडे राहायला गेले. एका रात्री मामूंना छातीत दुखू लागले. मुलगा कारखान्यात रात्रपाळीला. सुनेने ॲम्ब्युलन्स बोलावली, पण तिच्या पदरात तान्हे मूल, म्हणून सोबत मुमानीच गेली. मुमानी मराठी सातवी शिकलेली. इंग्रजी शब्द कळत, वाक्य कळत नसे. रात्रभर ती इस्पितळात एका खुर्चीवर तसबीह ओढत बसली. पहाटे एक नर्स बाहेर आली, मुमानीच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाली, इट वॉज टच अँड गो लास्ट नाइट. मग तिला आत घेऊन गेली.

टच आणि गो. दोन्ही शब्द मुमानीला येत होते. तिला वाटले, ही सांगते आहे की हात लावा आणि निघा. शेवटचे बघून घ्या.

मामू डोळे मिटून पडले होते, तोंडावर मास्क. मुमानीने त्यांच्या कपाळाला हात लावला, कलमा पढला आणि बाहेर आली. मुलगा येईपर्यंत जवळजवळ दोन तास ती त्या वऱ्हांड्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. गावाला कुणाला कळवायचे, मय्यत इथेच करायची की घरी न्यायची, याचा हिशेब मनात करत होती. नर्स मध्ये येऊन चहा देऊन गेली. तिला वाटले असेल, बाई धोका टळल्याच्या आनंदाने रडते आहे. नर्सने काही वावगे केले असे मला कधीच वाटले नाही. तिने तर गोड शब्दांत सांगितले होते की रात्री फार नाजूक वेळ होती, पण निभावले.

मुलगा आला, डॉक्टरांशी बोलला, आणि धावत आईकडे गेला. दोन दिवसांनी मामूंना हे कळले तेव्हा ते पलंगावर पडल्या पडल्या हसले म्हणे. कारण टच अँड गो ही त्यांच्या धंद्यातली बोली. मुमानीला त्यांनी समजावले: आपल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो ना, ओहोटीला होडीचे बूड त्याला घासते, सगळ्यांचा श्वास थांबतो, आणि होडी सरकून पुढे जाते. लागली आणि निघाली. ते टच अँड गो. लंडनमध्ये 1867 साली छापलेल्या 'द सेलर्स वर्ड-बुक' या खलाशी-कोशात अगदी हाच अर्थ दिला आहे, जहाजाचा तळ जमिनीला घासतो पण जहाज थांबत नाही. मामूंनी तो कोश पाहिला असण्याची शक्यता शून्य. त्यांनी जहाज पाहिले होते.

मामू त्यानंतर नऊ वर्षे जगले. मुमानी ही गोष्ट प्रत्येक शादीत, प्रत्येक दावतीत सांगायची आणि लोक पोट धरून हसायचे. पण ते दोन तास आले की ती स्वत: हसत नसे, पदराचे टोक बोटाला गुंडाळत असे. अल्लाह दोघांची मगफिरत करो.

तेव्हापासून मुलांच्या मार्कांसाठी म्हणून मुहावरे शिकवणे मी सोडले. मार्क मिळतात, ते मिळोत. पण माणूस गोड बोलायला जातो तेव्हाच मुहावरा वापरतो, आणि गोड बोलावे लागते ते कठीण वेळी. डॉक्टर, वकील, नोकरीवरून काढणारा साहेब, मुलाचे काही बिघडले हे सांगणारी शिक्षिका, हे सगळे आडून बोलतात. नॉट आउट ऑफ द वूड्स येट, म्हणजे पेशंट अजून धोक्यातून बाहेर नाही. वी आर लेटिंग यू गो, म्हणजे उद्यापासून येऊ नका. यातला एकही शब्द पहिलीच्या पुस्तकाबाहेरचा नाही. आणि आपली मुले आखातात, विलायतेत, मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत अशाच वाक्यांसमोर एकटी उभी असतात.

मामूंच्या गोष्टीने मला आणखी एक वाट दाखवली. इंग्रजीतले कितीतरी रोजचे मुहावरे समुद्रातून आलेले आहेत, आणि समुद्र काही फक्त इंग्रजांचा नाही. नो द रोप्स म्हणजे कामातले बारकावे ठाऊक असणे. शिडाच्या जहाजावर कोणती दोरी कुठे जाते हे ज्याला ठाऊक तोच खरा खलाशी. टेकन अबॅक म्हणजे अवाक् होणे. वारा अचानक समोरून आला की शीड उलटे डोलकाठीवर आपटते आणि जहाज जागीच अडते. बाय अँड लार्ज म्हणजे एकंदरीत. वाऱ्याच्या तोंडावर जाणे ते बाय, वारा पाठीमागून घेऊन जाणे ते लार्ज, दोन्हीकडे नीट चालणारे जहाज ते बाय अँड लार्ज चांगले. फर्स्ट-रेट म्हणजे शंभर किंवा त्याहून जास्त तोफांची लढाऊ गलबते. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची, बंदरावर वाढलेली मुले पुढे सरकायची. एरवी इंग्रजीच्या तासाला त्यांचे डोळे खिडकीबाहेर असत. शीड, डोलकाठी, सुकाणू, मतलई वारा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

त्यांना मी अजून एक गोष्ट सांगायचे. 1811 साली कलकत्त्यात थॉमस रोबक नावाच्या इंग्रज लेफ्टनंटने इंग्रजी-हिंदुस्तानी जहाजी शब्दांचा कोश छापला. कशासाठी? तर हिंदुस्तानी खलाशांना हुकूम देता यावेत म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांची बोली शिकावी लागत होती. सारंग, टिंडल, सुकाणी हे आपल्या वाडवडिलांचे हुद्दे इंग्रजांच्या तोंडी होते. तेव्हा पाठांतर त्यांच्या वाट्याला होते.

आपल्याशी थेट भिडणारे काही मुहावरेही आहेत, आणि त्यांच्याबद्दल घरात आधीच बोलून ठेवलेले बरे. आठवीतली एक मुलगी एकदा लाल डोळ्यांनी आली. कुठल्याशा पुस्तकात तिला म्हण सापडली होती: डोंगर मुहम्मदाकडे येत नसेल तर मुहम्मदाने डोंगराकडे जावे. तिला दोन प्रश्न होते. हे खरेच घडले का, आणि ही थट्टा आहे का. मी तिला सांगितले, अशी घटना कुरआनात नाही, हदीसच्या मान्य संग्रहांतही नाही. ही गोष्ट इंग्रजीत आहे ती फ्रान्सिस बेकन या लेखकाच्या 1625 सालच्या निबंधांत, धीटपणावरच्या लेखात, आणि त्याने ती काही आदराने सांगितलेली नाही. पण आज जो माणूस ही म्हण वापरतो त्याच्या मनात बेकन नसतो. त्याला एवढेच म्हणायचे असते की समोरचा येत नाही ना, मग आपणच जाऊ. त्याच्यावर चिडण्यात हशील नाही, आणि आपण ती वापरली पाहिजे असेही नाही. "मग परीक्षेत आली तर?" अर्थ लिही आणि पुढच्या प्रश्नाकडे जा, मी म्हटले.

इंग्रजीत कुठल्याही गर्दीच्या ठिकाणाला मक्का म्हणतात, लॉर्ड्सचे मैदान म्हणजे क्रिकेटची मक्का. हे ऐकून माझे एक सहकारी नाराज व्हायचे. मराठी वर्तमानपत्रे त्याच लॉर्ड्सला क्रिकेटची पंढरी म्हणतात, हे त्यांना दाखवल्यावर जरा शांत झाले. सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट मात्र इंग्रजीने इंजीलमधून घेतला आणि तो सूरह अल-आराफच्या 40 व्या आयतीतही आहे. अशक्य म्हणजे किती अशक्य हे सांगायला दोन्हीकडे तोच उंट. मुलांना हे सांगितले की त्यांना तो इडियम पुन्हा घोकावा लागत नाही.

उलट, रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज घोकून घेण्यात मला कधीच रस वाटला नाही. जोनाथन स्विफ्टच्या 1738 सालच्या एका पुस्तकात तो आहे, म्हणजे जुना आहे. छपरावरून कुत्री-मांजरी घसरून पडायची वगैरे जी कहाणी फिरते ती थाप आहे. आणि मामूंचा मुलगा सांगतो की इतकी वर्षे विलायतेच्या पावसात काढून हे वाक्य त्याने कुणाच्या तोंडून ऐकले नाही. आपले मुसळधार कितीतरी बरे.

तर पालकांना मी काय सांगते? गाईड बंद करा आणि चार रकान्यांची वही करा. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात घरची बोली किंवा उर्दू, आणि चौथ्यात हे कुणाला म्हणावे, कुणाला म्हणू नये. तिसरा रकाना मुलाने भरायचा नाही. तो दादी-नानीने बोलायचा आणि मुलाने लिहायचा. काही ओळी तिन्हीकडे सारख्याच निघतात. बुडत्याला काडीचा आधार, डूबते को तिनके का सहारा, आणि इंग्रज बुडतानाही काडीच धरतो. एका दगडात दोन पक्षी मराठीत आणि इंग्रजीत सारखेच, उर्दूत दगडाचा तीर होतो. काही ओळींना जोडीदार मिळत नाही, तो रकाना कोरा राहू द्यावा.

सध्या माझ्याकडे सातवीतला एक मुलगा येतो. त्याच्या वहीत वन्स इन अ ब्लू मून आला. मराठीत त्याने उंबराचे फूल लिहिले, तिसऱ्या रकान्यात नानीने सांगितलेले ईद का चाँद. पण पोरगा चौकस. निळा चाँद असतो का, त्याने विचारले. मी सांगितले, निळा नसतो, एका इंग्रजी महिन्यात दोनदा पूर्ण चंद्र आला तर दुसऱ्याला हल्ली ब्लू मून म्हणतात. ही व्याख्यासुद्धा 1946 साली एका अमेरिकन खगोल-मासिकात झालेल्या गफलतीतून आलेली. साधारण अडीच-तीन वर्षांनी एकदा असे होते.

तो घरी गेला आणि भिंतीवरचे कॅलेंडर काढून बसला. त्यात हिजरी तारखाही असतात. तिसऱ्या दिवशी आला तो दारातूनच सांगत. "आपा, आपल्या महिन्यात ब्लू मून होऊच शकत नाही. आपला महिना चाँद दिसल्यावर सुरू होतो आणि दुसरा चाँद दिसला की संपतो. चौदावीचा चाँद मध्ये एकदाच येणार."

मी कागद-पेन्सिल घेऊन बघितले. बरोबर होते. त्याने वही उघडली, चौथा रकाना अजून कोरा होता, आणि माझ्याकडे न बघता लिहिले: फक्त इंग्रजी कॅलेंडर वापरणाऱ्यांना म्हणावे.